वीतभर चित्र

जुहूच्या किनाऱ्यावर सायंकाळी उभे राहिले, की चित्रकलेची आवड असलेल्या कोणाच्याही मनात तो सूर्यास्त कागदावर उतरविण्याची इच्छा उत्पन्न होते. परंतु समुद्र हा नवशिक्याला फार कठोर गुरू आहे. लाटेचा आकार पाहावा, तोच ती विरून जाते. ढगाचा केशरी रंग बशीत मिसळून सिद्ध होईपर्यंत आकाश जांभळे झालेले असते. जो आपल्यासाठी थांबेल, अशाच गुरूकडे नवशिक्याने प्रथम जावे. तो गुरू त्याच किनाऱ्यावर शहाळेवाल्याच्या गाडीवर भेटतो. एक शहाळे, वाळूत सापडलेला शिंपला आणि घरातला पितळी तांब्या एवढ्या वस्तू खिडकीजवळ मांडल्या, म्हणजे स्थिरचित्राचा पाठ सुरू झाला.

हे चित्र मोठे असण्याचे कारण नाही. मुंबईच्या उपनगरांत कित्येक कुटुंबे एका-दोन खोल्यांत राहतात. तेथे चित्रफलकाची घोडी उभी करायला जागा कोठून आणावी? परंतु वीतभर लांबीरुंदीचा जाड कागद मांडीवरही मावतो, त्याला रंग थोडा लागतो आणि तास-दीड तासात चित्र पुरे होते. याहून मोठा लाभ मनाला होतो. मोठ्या फलकावर आठवडाभर खपल्यानंतर चुकलेला भाग पुसून टाकण्याचे धैर्य होत नाही. लहान चित्र बिघडले, तर दुसऱ्या दिवशी दुसरा कागद घेता येतो. महिन्याकाठी तीस चित्रे झाली, म्हणजे आरंभ करण्याचे, निर्णय घेण्याचे आणि चित्र शेवटास नेण्याचे तीस प्रसंग आले.

या अभ्यासाला ॲक्रिलिक रंग फार सोयीचे आहेत. पाण्यात मिसळता येतील असे हे रंग १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील चित्रकारांच्या हाती आले. त्यांतील रंगकण एका कृत्रिम चिकट द्रव्यात धरलेले असतात. पाणी उडून गेले, की त्या द्रव्याचा चिवट पापुद्रा बनतो आणि मग तो पाण्याने विरघळत नाही. म्हणूनच चुकलेल्या जागेवर थोड्याच वेळाने नवा थर देता येतो. मात्र हा गुण शिस्तही लावतो. कुंचला न धुता ठेवला, तर तो कायमचा ताठ होऊन बसतो. वाळल्यावर रंग किंचित गडद होतो, हे ध्यानात ठेवूनच तो मिसळावा लागतो. पावसाळ्यात जुहूच्या दमट हवेत थर वाळण्यास उशीर लागतो. उलट उन्हाळ्यात पंख्याखाली बशीतला रंग पाहता पाहता सुकून जातो.

तथापि खरा पाठ डोळ्यांचा असतो. तांब्याचे तोंड वर्तुळाकार आहे, हे मनाला ठाऊक असते; डोळ्यांना मात्र ते लंबवर्तुळ दिसते, आणि वरून पाहिले असता बुडाची कड तोंडाच्या कडेहून अधिक गोलाकार भासते. हे न पाहता काढलेला तांब्या कलंडल्यासारखा वाटतो. शहाळे हिरवे, असे सारेच म्हणतात. परंतु उजेडाकडील बाजूस ते पिवळसर असते, आडोशाच्या बाजूस निळसर, आणि पितळेशेजारी ठेवले तर त्याच्या छायेतही सोनेरी झाक उतरते. डोळे किलकिले करून पाहिले, की बारकावे लोपतात आणि उजेड, मधली छटा व छाया असे तीन भाग स्पष्ट होतात. हे तीन भाग आधी साधले, तर उरलेले काम सोपे होते.

साध्या वस्तूंची ही थोरवी मुंबईच्या ज्या चित्रकारांनी ओळखली, त्यांत के. एच. आरा यांचे नाव अग्रभागी आहे. १९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे त्यांचा जन्म झाला. अगदी लहानपणी ते घर सोडून मुंबईस आले आणि मोटारी धुण्याची व घरगड्याची कामे करून पोट भरू लागले. तशाही स्थितीत त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही. पुढे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांची दृष्टी त्यांच्या चित्रांकडे वळली. १९४२ साली मुंबईत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते ‘टू जग्ज’ या चित्राबद्दल. फुलदाण्या, फळे आणि भांडी हे त्यांचे आवडते विषय अखेरपर्यंत राहिले.

इटलीतील बोलोन्या नगरात जॉर्जो मोरांदी या चित्रकाराने (१८९०–१९६४) असाच मार्ग चोखाळला. ज्या खोलीत तो निजत असे, तीच त्याची चित्रशाळा होती. त्याच त्या बाटल्या आणि बरण्या कधी जवळ, कधी दूर मांडून त्याने वर्षानुवर्षे बेताच्या आकाराची चित्रे काढली. तरीही त्यांतील नावीन्य सरले नाही.

खोली लहान असली, म्हणून विद्या लहान राहत नाही, हे अशा उदाहरणांवरून दिसून येते. अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घालावी आणि वर्षाच्या शेवटी ती सारी चित्रे जमिनीवर ओळीने मांडावी. मग आपण किती पुढे आलो, हे इतरांना विचारावे लागत नाही. पहिल्या कागदावर कलंडलेला तांब्या शेवटच्या कागदावर स्थिर बसलेला दिसतो.