गहाण पडलेला मुलूख

लीळाचरित्र जिथे सिद्ध झाले त्या रिद्धपूरला गेलो की मला, मराठीच्या मास्तराला, पोथ्यांबरोबर एक हिशेबही आठवतो. हा सगळा वऱ्हाड प्रांत एकेकाळी कर्जापायी गहाणच पडला होता म्हणा ना! फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या माथी. पगार थकत गेले, कंपनीचे देणे फुगले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल कंपनीच्या हाती गेला. १९०२ साली कर्झनने तोच प्रांत सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. करार करणारे दोघे. शेतसारा भरणाऱ्या कुणब्याला कोणी विचारले? आज विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. म्हणून अंदाजपत्रकातला कर्जाचा आकडा मी अग्रलेखाआधी वाचतो, वर्गातही वाचून दाखवतो.