धूर सोडणारा ब्रेक!

दोस्तांनो, सायकलच्या ब्रेकमधून धूर निघताना कधी पाहिलाय? नाही ना? मग चला अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. इथं तामालपाइस नावाचा ७८४ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या दऱ्यांत रेडवूडचे उंचच उंच वृक्ष!

१९७० नंतरच्या वर्षांत इथल्या तरुणांना नवा नाद लागला. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेले कच्चे रस्ते शोधायचे आणि जाड टायरच्या जुन्या सायकलींवरून उतार गाठायचा! ब्रेक एकच, मागच्या हबमध्ये. पेडल उलटं दाबलं की लागायचा. एका उतारावर तर हब एवढा तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग नवं ग्रीस भरा! म्हणून त्या उताराचं नाव पडलं 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा'. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली शर्यत झाली. आणि १९९६ मध्ये हा खेळ थेट ऑलिंपिकमध्ये पोचला!

पण गंमत बघा. आज तामालपाइसच्या कितीतरी अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आहे. का बरं? वळणावर अचानक कुणी चालणारा समोर आला तर? शिवाय ओल्या मातीत चाक घसरलं की चर पडतो, त्यातून पाणी धावतं आणि माती वाहून जाते.

तुम्हालाही सह्याद्रीत नवी वाट दिसेल. आधी वनरक्षकाला विचारा, मोठ्यांना सोबत घ्या, हेल्मेट घाला. आणि हो, चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. द्याल ना?