लेकीचे माहेर यंदा विमानाने निघाले

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माझ्या लेकीचे मात्र ते जमणार नाही. सातव्या महिन्यात तिचे ब्लडप्रेशर वाढले आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. तेव्हा मायबहिणींनो, माहेरच तिच्याकडे न्यायचे ठरले. म्हणजे मीच जायचे. कुडाळ तालुका सोडून मी पंढरपूर आणि एकदा मुंबई एवढेच पाहिलेले. आता निघाले आहे ब्रुनेईला!

तुम्ही विचाराल, हे कुठे आले? बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर चिमूटभर देश आहे. क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे जास्त. माणसे मात्र साडेचार लाखांच्या आसपास, आपल्या जिल्ह्याच्या निम्मी. १९२९ साली सेरिया गावी तेल लागले आणि देशाचे दिवस पालटले. सुलतान हसनल बोल्कियाह १९६७ पासून गादीवर आहेत, १ जानेवारी १९८४ रोजी देश पूर्ण स्वतंत्र झाला. नागरिकांना शिक्षण, औषधपाणी जवळजवळ फुकट. पगारावर कर नाही. आमचे जावईबापू त्या तेलाच्याच कामावर आहेत. ते परके, त्यामुळे बाळंतपणाचा खर्च त्यांचा त्यांनाच. भात तिथे थोडा पिकतो, बाकी तांदूळ बाहेरून विकत आणतात. हे ऐकून आमच्या घरच्यांना मोठे नवल वाटले. एवढा पाऊस, एवढे पाणी, आणि तांदूळ विकतचा?

घरी खरा पेच निराळाच होता. "मुसलमानी मुलूख, भाषा येत नाही, तू एकटी काय करणार?" असे हे म्हणत. मी गप्प बसले. आमच्या वाडीवर बांगड्या भरायला येते त्या चाचीला मी विचारले. लेक जानेवारीत बाळंत होणार, चाळीस दिवस राहायचे, म्हणजे शेवटी शेवटी रमजान लागणार. चाची हसली. "बाळंतिणीला कोण उपाशी ठेवील ग? घरात खा, पी. रस्त्यावर तेवढे काही तोंडात घालू नको." लेकीला फोनवर विचारले तेव्हा तिनेही तेच सांगितले. रमजानात दिवसा चारचौघांत खाणेपिणे तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि तो परधर्मीयांनाही लागू. दारूची विक्री बंदच आहे. शुक्रवारी बारा ते दोन दुकाने, कचेऱ्या सगळे कुलूपबंद. म्हणजे औषधे आणायची ती त्याआधी, हे मी आताच वहीत लिहून ठेवले आहे.

राजधानीचे नाव बंदर सेरी बेगावन. लेकीने सांगितले, आपलेच बंदर आणि आपलेच 'श्री भगवान'; शब्द समुद्रावरून तिकडे गेलेले. ते ऐकून हे पहिल्यांदा थोडे नरमले. "भगवानाच्या गावाला चाललीस तर," एवढे म्हणाले आणि म्हशीला पेंढा घालायला गेले.

वाट सिंगापूरवरून आहे. पुढच्या विमानाने दोनेक तास. तिथे पोचल्यावर घड्याळ अडीच तास पुढे करायचे. व्हिसा आधी काढावा लागला. पासपोर्टच्या वेळी माझे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे निघाले, त्यात दोन महिने गेले. तुमच्या घरचे कुणी परदेशी असेल तर कागद आजच पाहून ठेवा, वेळ आल्यावर धावपळ करू नका.

सामान बांधताना मात्र मला जीव लावावा लागला. हळीव, डिंक, सुंठ, बाळंतशोपा, नाचणीचे सत्त्व असे सगळे काढले. डिंकाच्या लाडवात खसखस नाही घातली. ती अफूच्या झाडाची बी. सिंगापुरात ती परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि अमली पदार्थांवर ब्रुनेईचा कायदा फाशीपर्यंत जातो. चिमूटभर चवीसाठी एवढे कोण करील? कुठलीही पुडी बिनचिठ्ठीची नको, म्हणून प्रत्येकीवर नाव लिहिले.

कपड्यांतही एक गंमत झाली. पिवळा रंग तिथे राजघराण्याचा. सुलतानासमोर तो नेसू नये म्हणतात. सुलतान मला कुठे भेटणार? तरी हळदी रंगाचे लुगडे मी बाजूला ठेवले. बोटाने काही दाखवायचे नाही, उजव्या हाताचा अंगठा पुढे करायचा, हे आता घरात सवय म्हणून करते, नातू हसतो.

डिसेंबरात तिकडे धो धो पाऊस असतो. थंडी नावालाही नाही. आपण मळणी आटोपून वायंगणाच्या नादाला लागतो तेव्हा तिथे छत्री. म्हणून लोकरीचे टोपडे विणायचे थांबवले आणि जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा केला.

इकडे सगळा घोळ म्हशीचा आणि काजूचा. धाकटी जाऊ सकाळचे दूध काढणार, संध्याकाळचे हे. फेब्रुवारी सरता सरता काजू पडू लागतील, तोवर मला परत यायला हवे. लेकीला हे सांगितलेले नाही. तिला वाटते आई पावसाळ्यापर्यंत राहील.

काल रात्री ह्यांनी बॅग ताणकाट्याला लावली. काटा तेवीस किलोच्या पुढे गेला. काय काढू म्हणून मी विचारात पडले, तर ह्यांनीच माझी चादर काढली आणि तिथे सोललेले दोन नारळ ठेवले. म्हणाले, "तिथेही नारळ असतील, पण तिला आपल्या परड्यातला आवडतो."