नवकारसी आणि थर्मासमधली थुली



ओट्स आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाहीत. कोणाला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी सांगितले, कोणाची मुलगी पुण्याहून पाकीट घेऊन आली, कोणाच्या सुनेने मोबाईलवर कृती पाहिली. सदर बाजारातल्या किराणा दुकानातही दोन-तीन तऱ्हेची पाकिटं मिळतात. त्यांच्याबरोबर एक पद्धतही घरात शिरली आहे. रात्री काचेच्या बरणीत ओट्स, दूध, मध आणि फळं घालून बरणी फ्रीजमध्ये ठेवायची आणि सकाळी तशीच खायची. नोकरी करणाऱ्या मुलींना ही पद्धत फार सोयीची वाटते. सकाळी गॅसपाशी उभं राहावं लागत नाही, हे खरंच आहे.

माझ्या सुनेनेही मागच्या हिवाळ्यात तीच बरणी मला दाखवली. ती छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते. जालन्याहून ते साठ किलोमीटर, त्यामुळे सकाळी साडेसातला घर सोडते. चातुर्मासात तिने रोजच्या नवकारसीचे पच्चक्खाण सुरू केले आणि पुढेही चालू ठेवले. पावसाळ्यात काही अडलं नाही. डिसेंबर लागला आणि अडायला लागलं.

हिशेब साधा आहे. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घडी, ४८ मिनिटं. जालन्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे नवकारसी साडेसहाला येते. आरामात खाऊन निघता येतं. पण जानेवारीच्या मध्याला सूर्योदयच सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास होतो. नवकारसी येते सात त्रेपन्नला. तोवर आमची सून बसमध्ये बसलेली असते. मग दुपारच्या डब्यापर्यंत उपाशी. घरी आली की डोकं धरून बसायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मम्मीजी, रात्री भिजवून ठेवलं तर सकाळी फक्त डबा उचलायचा. पण तुम्ही म्हणाल बासी झालं. मग मी नवकारसी सोडू का?"

तिने हे चिडून विचारलं नव्हतं. म्हणून मीही लगेच उत्तर दिलं नाही. "दोन दिवस दे," म्हटलं.

रात्रभर ठेवलेल्या ओल्या अन्नाबद्दल आपल्याकडे काय सांगतात ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्या-दुधाचा अंश असलेला पदार्थ रात्र ओलांडली की चलितरस, म्हणून अभक्ष्य. शिळी पोळी नाही, शिळा भात नाही, तसंच दुधात भिजलेले ओट्सही नाहीत. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून हे बदलत नाही. फ्रीजच्या थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही, हे शास्त्राच्या पुस्तकातही आहे. शिवाय त्या बरणीत मध असतो आणि तो आपल्याला चालत नाहीच.

ही रात्री भिजवण्याची रीत आली कुठून, तेही वाचून पाहिलं. १९०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधले डॉक्टर बिर्चर-बेनर आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांना भिजवलेले ओट्स आणि सफरचंदाचा कीस देत असत. आजची बरणी त्याचीच नात म्हणायची. त्यांच्या थंड देशात, त्यांच्या रुग्णांसाठी ते ठीक होतं. आपल्या घराची मर्यादा वेगळी आहे.

मग मी उलट बाजूने विचार केला. ओट्स रात्री का भिजवतात? दाण्याच्या आत पाणी मुरायला आणि तो मऊ व्हायला वेळ लागतो म्हणून. म्हणजे हवा आहे तो वेळ. रात्रच पाहिजे असं काही नाही. दाणा गरम पाण्यात असेल तर तेच काम कमी वेळात होतं. आणि ते होत असताना माणसाने तिथे उभं राहायची गरज नसते.

हे आपल्या आधीच्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या सासूबाई चुलीवर भाकरी झाल्या की लाकडं ओढून घ्यायच्या आणि निखाऱ्यांवर कण्यांचं पातेलं झाकून ठेवायच्या. त्या देवदर्शन, दळण-कांडण आटोपून येईपर्यंत ज्वारीच्या कण्या आपोआप शिजायच्या. वर ताक आणि जिऱ्याची फोडणी. आमच्या मारवाडी घरात त्यालाच घाट म्हणायचे आणि गव्हाच्या गोड दलियाला थुली. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला, त्यातही हेच तत्त्व होतं. खाली थोडे निखारे, वर डब्यांची चळत, आणि स्वयंपाक आपला आपण होतो. मंद आचेवरचं अन्न ही परदेशी गोष्ट नाही. आपल्या चुली गेल्या आणि ती आपल्या हातून सुटली, इतकंच.

आता निखाऱ्यांच्या जागी आमच्याकडे रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आहे.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण कामाची दोन खात्यांत विभागणी करायची सवय गेली नाही. इथेही तेच केलं. कोरडं काम एका खात्यात, ओलं काम दुसऱ्या खात्यात. कोरडं काम आधी करून ठेवलं तर बासीचा प्रश्न येत नाही. ओलं काम मात्र त्याच दिवशी, सूर्योदयानंतर.

रविवारचं काम

ओट्स घ्यायचे ते अख्खा दाणा दोन-तीन तुकडे करून विकतात ते, स्टील कट. जालन्यात स्टील म्हटलं की सळईच आठवते, दुकानदारही हसला. पण इथे पोलादी पात्याने कापलेले, एवढाच अर्थ. चपटे मिळतात ते वाफवून लाटलेले असतात, लवकर शिजतात आणि थर्मासमध्ये त्यांची पार खळ होते. तुकड्याचा दाणा तासभर गरम राहूनही दाताखाली लागतो.

ओट्स मिळाले नाहीत किंवा महाग वाटले, तर अडून राहू नका. गव्हाचा दलिया चालतो. मोंढ्यातली शाळू ज्वारी गिरणीतून रव्याएवढी भरडून आणली तर तीही उत्तम. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा आपल्या मराठवाड्याच्या ज्वारीचं कौतुक सगळीकडे झालं. आपण मात्र तिच्याच घरात बसून पाकिटं आणतो. आमच्याकडे आठवड्यात तीन दिवस ओट्स आणि तीन दिवस ज्वारी असं ठरलं आहे.

धान्य दिवसाच्या उजेडात ताटात पसरून निवडायचं. पाकीटबंद असलं तरी निवडायचं. तुकड्याच्या धान्यात जाळी लवकर धरते, पावसाळ्यात तर फारच. जयणा आधी, झटपटपणा नंतर. मग जाड बुडाच्या कढईत एक चमचा तूप घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत परतायचं. तूप नको असेल तर कोरडंच भाजा. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरायचं आणि डब्यावर तारीख लिहायची.

तारीख का, तर काळमर्यादेसाठी. खाखरा, मिठाई अशा पदार्थांना आमच्या परंपरेत हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस सांगतात. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस पाळतात. हिवाळ्यात एका आठवड्यापुरतंच भाजलं तर दोन्ही हिशेबांत बसतं. शंका असेल तर आपल्या महाराजसाहेबांना, महासतीजींना विचारून घ्यावं.

सगळं धरून रविवारी अर्धा तास जातो.

रोजचं काम

आमच्याकडे सूर्योदयाआधी अन्नासाठी गॅस पेटत नाही. जानेवारीत सात-पाचला पेटवला तर सून निघेपर्यंत पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढी पुरतात.

एका शेगडीवर गाळलेलं पाणी उकळायला ठेवते. त्यातलं थोडं थर्मासमध्ये ओतून झाकण लावते, म्हणजे भांडं आतून तापतं. ही पायरी चुकवू नका, थंड भांडं थोडी ऊष्णता खाऊन टाकतं. दुसऱ्या शेगडीवर अर्धी वाटी भाजलेले ओट्स आणि दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ. आठ ते दहा मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. ज्वारी असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त. मग थर्मासमधलं पाणी काढून उकळती थुली काठोकाठ भरायची आणि लगेच झाकण. थर्मास अर्धा रिकामा ठेवला तर लवकर निवतो, म्हणून एका माणसाला साडेतीनशे-चारशे मिलिलिटरचाच घ्यावा.

गोड हवं असेल तर बिया काढलेले खजूर आणि चार बदाम शिजतानाच घालते. खजूर विरघळून जातो, गूळसुद्धा लागत नाही. दूध मात्र थर्मासमध्ये भरत नाही, कारण तासाभराऐवजी दोन-तीन तास झाले तर कोमट दुधाचा भरवसा नसतो.

तिखटमिठाची हवी असेल तर जिरे, कढीपत्ता, मटार, टोमॅटो, किसलेला दुधी. कांदा, लसूण, आलं, गाजर नसल्याने काही अडत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नको, तेव्हा मूठभर मूगडाळ आणि जिरे-मिरे. एक ध्यानात ठेवा. ज्या दिवशी मूगडाळ घातली, त्या दिवशी वरून कच्चं दही-ताक घ्यायचं नाही, द्विदळ होतं. नुसते ओट्स किंवा ज्वारी असेल तर ताक खुशाल घ्या.

सून आठ वाजून गेल्यावर बसमध्येच नवकार म्हणून पच्चक्खाण पारते. पण धक्क्यांत खाववत नाही, म्हणून साडेआठ-पावणेनऊला ऑफिसात पोचून थर्मास उघडते. तोवर तासभर झालेला असतो आणि दाणा शिजलेला असतो. पहिल्या दिवशी तिचा फोन आला, "मम्मीजी, वाफ निघतेय अजून."

मी काही मोठं केलं असं नाही. सकाळी माझी पंचवीस मिनिटं जातात, त्यातली निम्मी पाणी उकळायची वाट पाहण्यात, तेवढ्यात एक माळ होते. ओट्सने हृदयाला फायदा होतो म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तसं पाकिटावर लिहायला परवानगी दिली, त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे. तेही चांगलंच आहे. पण माझ्या लेखी फायद्याची बाजू निराळी आहे. मुलीला धर्म आणि नोकरी यांत एक निवड म्हणावं लागलं नाही. आपण मोठ्यांनी नुसतं "हे बासी, हे चालणार नाही" म्हटलं असतं तर ती काहीच बोलली नसती, बरणीही भरली नसती. हळूच एक दिवस पच्चक्खाण सुटलं असतं आणि आपण म्हटलं असतं, आजकालच्या मुलींना धर्माची आवड नाही.

नाही कसं म्हणायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येतं. नाहीच्या पुढे "मग असं करून बघू या" हे शब्दही आपल्याच तोंडून यायला हवेत. घरातल्या मर्यादा आपण सांगतो, तर त्यांतून वाट काढायचं कामही आपलंच. त्या मुलीकडे सकाळी तेवढा वेळ नसतो, आपल्याकडे असतो.

एक सूचना तेवढी. घरात कोणाला साखरेचा त्रास असेल, सकाळी औषधाची गोळी असेल, तर नवकारसीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. आणि थर्मास रोज उघडा करून, झाकणाची रबरी रिंग काढून धुवा आणि कोरडा करा. रिंगेखाली राहिलेला थुलीचा कण हाही दुसऱ्या दिवशी बासीच.

यंदाही डिसेंबर ते फेब्रुवारी हाच क्रम राहील. होळीनंतर सूर्य लवकर उगवायला लागला की सून घरीच ताटलीत गरम थुली खाऊन निघेल, वर साजूक तुपाची धार घालून. तुमच्याकडे सकाळच्या घाईत, मर्यादा सांभाळून आणखी काय करता, ते मला जरूर कळवा. घाटाच्या आणि राबेच्या तुमच्या सासू-आजींच्या पद्धती तर आवर्जून.

जय जिनेंद्र.