काचेला कमी शिवावं

मणी शिकायला येणारी माणसं आधी हत्यारांची चौकशी करतात. पितळी साचा कुठे मिळतो, चिमटे कोणते घ्यावेत? मी त्यांना आधी साधा गोल मणी करायला बसवते. टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची, माती लावून वाळवलेल्या पोलादी सळईवर गुंडाळायची आणि सळई फिरवत राहायची. पृष्ठताण काचेला आपसूक गोल करतो. भोकापाशी पडणारी सुबक खळीसुद्धा पहिला वेढा किती रुंद घातला यावर ठरते. मागाहून टोकरायला गेलं तर माती तडकते, काच पोलादाला धरते आणि मणी सळईवरून निघतच नाही. (मंगळसूत्रातल्या बारीक काळ्या मण्यांची गोष्ट निराळी, तसे मणी बहुधा काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे करून होतात.)

हत्यार लागतं ते हा गोल मोडायला. पण जे हत्यार टेकवाल ते काचेची ऊब पळवतं. पितळ तर झपाट्याने. त्यामुळे साच्यात दाबलेला मणी लगेच आकार धरतो, पण अंगावर गारठ्याच्या सुरकुत्या घेऊनच बाहेर येतो. त्या ज्योतीत शेकून घालवायच्या, तेही बेताने. नाहीतर कोपरे विरघळून पुन्हा गोलच. माझी भिस्त ग्रॅफाइटच्या पट्टीवर. तिला काच चिकटत नाही. फक्त ज्योतीत धरू नये, झिजते. ठिपका ओढून पाकळी करायला पोलादी सुई चालते, पण तापली की काचेला डसते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून त्याची सुई जास्त आच सोसते.

खरी कसोटी थांबण्याची. ज्योतीतून काढल्याबरोबर दाबलं तर काच पाघळते. केशरी उजेड मावळू द्यायचा, काच दोनतारी पाकाइतकी दाटली की पट्टी टेकवायची. तापल्या काचेतला सोडियम ज्योत झगझगीत पिवळी करतो आणि हा बदल दिसूच देत नाही. त्यासाठी डिडिमियमचा चष्मा हवा. शेवटी मुरानोच्या मऊ काचेचा मणी साधारण ५१० अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश निववायचा, म्हणजे आतला ताण निघून जातो.

नव्याने बसणाऱ्यांनी साच्यांची घाई करू नये. पट्टी, सुई आणि चष्मा एवढ्यावर बरेच दिवस भागतं. पैसे उरले तर भट्टी घ्या.