कॅल्क्युलेटरची काच

घरात एखादा कॅल्क्युलेटर असेल तर तो हातात घ्या आणि आठाचे बटण दाबा. इंग्रजी पद्धतीचा आठ उमटेल. आता नीट पाहा. हा आठ गोल नाही. तो सात लहान पट्ट्यांचा बनलेला आहे : तीन आडव्या आणि चार उभ्या. शून्यापासून नवापर्यंतचे सगळे आकडे याच सात पट्ट्यांतून तयार होतात. एकाला दोन पट्ट्या पुरतात, आठाला मात्र सातही लागतात. आपण उर्दूत लिहितो तो आठ, म्हणजे वर एकत्र येणाऱ्या दोन तिरप्या रेघा, येथे काढताच येणार नाही. मराठीतला ८ देखील नाही. कारण या सातांत तिरपी पट्टी एकही नाही.

आता त्या आठातली मधली आडवी पट्टी नाही अशी कल्पना करा. काय उरते? शून्य. ज्याला तुम्ही सिफर म्हणता तेच. उजवीकडची वरची पट्टी काढली तर आठाचा सहा होतो. डावीकडची खालची काढली तर नऊ होतो. हे ध्यानात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

माझे मामू भाट्याच्या पुलापलीकडे राहतात. त्यांची हापूसची थोडी कलमे आहेत. तरुणपणी ते कुवेतला एका गोदामात नोकरीला होते. आपल्या रत्नागिरीत अशी पुष्कळ घरे आहेत, ज्यांतला कोणी ना कोणी आखातात गेला आणि दोन वर्षांनी टेपरेकॉर्डर, घड्याळ, ब्लँकेट घेऊन सुट्टीवर आला. मामूंनी १९७९ साली आपल्या पगारातून एक जपानी कॅल्क्युलेटर घेतला. त्याच्या आठ वर्षे आधी, म्हणजे १९७१ साली, बुसिकॉम या जपानी कंपनीने खिशात मावेल असा पहिला कॅल्क्युलेटर विकायला काढला होता. १९७२ साली अमेरिकेत ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीच्या खिशातल्या कॅल्क्युलेटरची किंमत ३९५ डॉलर होती. पुढे किमती इतक्या झपाट्याने उतरल्या की गोदामात नोंदी ठेवणाऱ्या माणसालाही तो घेता आला.

मामूंच्या कॅल्क्युलेटरचे आकडे हिरवे आहेत आणि ते स्वतः उजळतात. हल्लीच्या बहुतेक कॅल्क्युलेटरांत काळे आकडे असतात. ते प्रकाश देत नाहीत, फक्त अडवतात. म्हणून अंधारात ते दिसत नाहीत. हिरव्या आकड्यांचा प्रकार १९६७ साली जपानमध्ये तयार झाला. काचेची एक चपटी नळी असते आणि तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. आत केसाहूनही बारीक तारा ताणलेल्या असतात. त्या तापल्या की त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि खालच्या पट्ट्यांवर आदळतात. पट्ट्यांवर एक विशिष्ट पदार्थ लावलेला असतो, तो हिरवा-निळा चमकतो. ज्या पट्टीला वीज मिळते तीच उजळते, बाकीच्या काळोखात राहतात.

या नळीच्या पुढे रंगीत प्लास्टिकची एक पातळ खिडकी बसवलेली असते. आपण तिला काच म्हणतो, म्हणून मीही काचच म्हणतो. ती रंगीत का? केवळ शोभेसाठी नव्हे. बाहेरचा उजेड काचेतून आत जातो आणि आतल्या वस्तूंवर आपटून परत बाहेर येतो. म्हणजे तो काचेतून दोनदा जातो आणि दोनदा मंद होतो. आकड्यांचा उजेड मात्र एकदाच काच ओलांडतो. म्हणून आकडे उठून दिसतात. इतक्या साध्या युक्तीने केवढे काम होते! मला तरी नळीपेक्षा ही खिडकीच अधिक हुशार वाटते.

गेल्या हंगामात मामूंकडे एक व्यापारी आला. बारा पेट्या, दर २४०० रुपये. मामूंनी नेहमीप्रमाणे अंगणात उभे राहून हिशेब केला आणि अठ्ठावीस हजार सांगितले. व्यापारी घाईत होता. त्याने पैसे मोजले, पेट्या गाडीत टाकल्या आणि तो गेला. रात्री त्यांच्या नातीने तोच हिशेब वहीत केला. तुम्हीही करून पाहा. उत्तर २८,८०० येते.

कॅल्क्युलेटर चुकला नव्हता. त्याने बरोबर २८,८०० च दाखवले होते. पण काचेवर शेकडो ओरखडे होते, आणि त्यांतला एक खोल ओरखडा नेमका शतकाच्या घरावर आडवा गेला होता. उन्हात तो ओरखडा पांढरा चमकला आणि आठाची मधली पट्टी त्याच्यामागे गेली. आठाचे शून्य झाले.

घरात सगळे म्हणाले, आता हा टाका आणि मोबाइलवर हिशेब करा. मामू ऐकेनात. "मोबाइलवर बोटाखाली बटण लागत नाही," एवढेच ते म्हणाले. सत्तरीतल्या माणसाचे हे म्हणणे मला पटले. त्यांचे बोट न पाहता बटणे ओळखते. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो म्हणून मामू कॅल्क्युलेटर घेऊन माझ्याकडे आले.

मी विचारले, "मामू, एवढे ओरखडे पडले कसे?"

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी पूर्वी तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. नोकऱ्या संपल्या, बँका बंद झाल्या. हजारो भारतीय बसने बसरा, बगदाद असे करत जॉर्डनच्या सीमेकडे निघाले. पुढे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईला आणले. मामू त्यांतले एक. सीमेवरच्या वाळवंटात त्यांना तंबूत दिवस काढावे लागले. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी एवढेच त्यांच्याजवळ होते. सदऱ्याच्या खिशात हा कॅल्क्युलेटर होता, आणि त्याच खिशात कुवेतच्या खोलीची किल्ली. खिशात वाळू शिरली. बारीक ओरखडे वाळूचे आहेत आणि तो खोल ओरखडा त्या किल्लीचा आहे.

हे ऐकून माझा हात थांबला. काच घासली की ओरखडे जातील. पण हे ओरखडे साधे नव्हते. मी मामूंना तसे स्पष्टच विचारले. ते हसले. म्हणाले, "किल्ली घरात आहे. ओरखडा कशाला ठेवायचा? आकडा दिसला पाहिजे, बेटा."

मग मी कामाला लागलो. आधी सेल काढले. मागचे स्क्रू सोडवून काच वेगळी केली. तिच्या आतल्या बाजूला काळी चौकट छापलेली होती, म्हणून आतून हात लावायचा नाही असे ठरवले. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचे पाणी अशा कामात कधीही वापरू नका. त्याने असे प्लास्टिक पांढरे पडते किंवा त्याला बारीक तडे जातात. मी काच नुसत्या साबणाच्या पाण्याने धुतली.

ओरखडा पुसता येत नाही. तो म्हणजे एक चर असतो. चर बुजवायचा नसतो, तर आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची असते. त्यासाठी गाड्या रंगवणारे लोक वापरतात तो पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर मी आणला : १००० नंबरचा, मग १५०० चा, मग २००० चा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. कागद खोडरबराभोवती गुंडाळला आणि पाण्याचा थेंब सोडत सगळी काच सारख्या दाबाने घासली. बी.एड. करताना आम्ही प्लास्टिकच्या तुकड्यांपासून शैक्षणिक साहित्य बनवत असू. तेव्हाची सवय येथे उपयोगी पडली. पहिल्या कागदाने आडवे घासायचे, दुसऱ्याने उभे. म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की राहिल्या ते लगेच कळते.

पहिल्या कागदानंतर सगळी काच धुके पडल्यासारखी झाली. नेमक्या त्याच वेळी मामी चहा घेऊन आल्या. काच पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, होते तेवढेही दिसेनासे केलेस!" मामू मात्र शांतपणे चहा पीत राहिले.

या धुक्यात घाबरण्यासारखे काही नसते. एका मोठ्या ओरखड्याच्या जागी हजारो लहान ओरखडे आलेले असतात, आणि प्रत्येक जण प्रकाश इकडेतिकडे फेकत असतो. पुढचा कागद ते आणखी लहान करतो. शेवटी ते इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. २००० नंबरच्या कागदानंतर मी मऊ सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट घेतली. तिच्यात अतिशय बारीक भुकटी असते. तिने गोलगोल चोळले. दहा मिनिटांत काचेच्या एका कोपऱ्यातून माझा अंगठा स्वच्छ दिसू लागला. मामींनी पुन्हा येऊन पाहिले, पण या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

किल्लीचा ओरखडा मात्र पुरता गेला नाही. तेवढाच भाग जास्त घासता आला असता. पण तसे केले असते तर तेथे खळगा पडला असता आणि भिंगातून पाहावे तसा आकडा वाकडा दिसला असता. सगळी काच त्या खोलीपर्यंत उतरवली असती तर ती कागदासारखी पातळ झाली असती. अशी काच आता बाजारात मिळत नाही. म्हणून मी थांबलो. एक पुसट रेघ राहिली आहे. ती काच तिरपी धरली तरच दिसते, समोरून नाही.

तुमच्या घरचा कॅल्क्युलेटर काळ्या आकड्यांचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या मागे आकड्यांची जी खरी काच असते, तिच्यावर एक नाजूक फिल्म चिकटवलेली असते. ती घासली तर आकडे दिसणारच नाहीत. घासायचे ते फक्त बाहेरचे प्लास्टिक, आणि तेही सुटे करून.

काच बसवली, सेल घातले. मामू अंगणात गेले आणि भर उन्हात त्यांनी आठाचे बटण आठ वेळा दाबले. हाताची सावली न धरता आठही आकडे वाचता आले. मामींनी जुन्या सुती ओढणीची एक पिशवी शिवून दिली. आता कॅल्क्युलेटर त्या पिशवीत असतो. हंगाम संपला की मामू सेल काढून ठेवतात, कारण आपल्या दमट हवेत सेल आतच राहिला तर पाझरतो आणि स्प्रिंगा गंजतात.

आणि त्या व्यापाऱ्याचे नाव वहीच्या शेवटच्या पानावर आहे. नावापुढे ८०० असा आकडा मामूंनी लिहून ठेवला आहे. पुढच्या हंगामात तो आला की ते त्याला ते पान दाखवणार आहेत.