कोरडेपणाची किंमत

मृग नक्षत्र लागलें म्हणजे शेतकरी आकाशाकडे पाहतो आणि आम्ही पुणेकर दुकानांकडे पाहतों. रेनकोट व बूट यांवर आम्हीं आजवर जितका विचार खर्च केला, तितका एखाद्या ग्रंथावर केला असता तर आमचें नांव झालें असतें, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे. परंतु या विषयाचें खरें ज्ञान आम्हांला दुकानांत झालें नाहीं. तें एका विद्यार्थ्याच्या एका वाक्यानें झालें.

तीन वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत कॉलेजांतील मुलांना घेऊन सिंहगड चढण्याचें ठरलें. वडिलकीच्या हौसेनें आम्हीं फळ्यावर एक यादी लिहिली. घाम बाहेर सोडणारें जलरोधक जॅकेट, घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट, इत्यादि. "या साहित्यावांचून कोणीं येऊं नये," अशी ओळही खालीं ठणकावून जोडली. स्वतः आम्हीं त्याच आठवड्यांत चार हजारांचें जॅकेट व पांच हजारांचे बूट घेतले. जॅकेटवर १०,००० मिलिमीटर असा आंकडा होता. म्हणजे तितक्या उंच पाण्याच्या स्तंभाचा भार सोसूनही तें कापड पाझरत नाहीं. प्राध्यापकास आंकडा दाखविला कीं त्याची सावधगिरी संपते.

या कापडांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें दोन कापडांमध्यें रबराचा थर घालण्याचें पेटंट घेतलें. पाऊस बाहेर अडला, पण घामही आंत अडला. पुढें १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांना असें आढळलें कीं, टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यानें ताणला असतां त्यांत अतिसूक्ष्म छिद्रें पडतात. त्यांतून वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाहीं. हें सारें खरें. परंतु वाफ बाहेर जावी तर बाहेरची हवा आंतल्या हवेहून कोरडी हवी, आणि आषाढांत सह्याद्रीवर कोरडी हवा कोठून आणावी? आतकरवाडीहून निघून अर्धी वाट चढलों नाहीं तोंच आमचा सदरा घामानें निथळूं लागला. बाहेर पाऊस आणि आंतही पाऊस. मध्यें चार हजारांचें जॅकेट!

बुटांची कथा याहून करुण आहे. त्यांच्या कातड्यांतून पाणी शिरलें नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. तें पोटरीवरून ओघळून वरच्या तोंडांतून शिरलें. आणि एकदां शिरलेलें पाणी त्या जलरोधक बुटांनीं बाहेर जाऊं दिलें नाहीं. दोन पायांना दोन घागरी बांधून आम्ही गडावर पोहोंचलों. पिठलें-भाकरी खातांना मुलें हंसत होतीं, आम्हीही हंसलों.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं एका मुलास सहज विचारलें, "तूं कां रे आला नाहींस?" तो मुलगा खेड्यांतून आलेला, वसतिगृहांत राहणारा, अभ्यासांत पहिल्या पांचांतला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, ती यादी मी घरीं सांगितलीच नाहीं."

तो रागावला नव्हता, म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. घरीं सांगितलें असतें तर बापानें कोठून तरी पैसे आणले असते, हें त्यास ठाऊक होतें. ज्या वस्तूंनीं आम्हांला कोरडें ठेवलें नाहीं, त्याच वस्तूंच्या नांवानें आम्हीं एका मुलाला गडाच्या पायथ्याशींही येऊं दिलें नव्हतें. पावसाला जें जमलें नाहीं, तें आमच्या फळ्यावरच्या एका ओळीनें केलें.

त्या पावसाळ्यांत आम्हीं हा विषय नव्यानें अभ्यासिला. निष्कर्ष असा निघाला कीं, आपण सारें उलटें करीत होतों. जलरोधक बुटांची खरी जागा डोंगर नव्हे, शहर आहे. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलें. नंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली. पायास जखम असतां तुंबलेल्या पाण्यांतून चालणें हें त्या रोगाला आमंत्रण होय. तेथें गुडघ्याएवढे साधे गमबूट हवेत, आणि ते कांहीं शें रुपयांत मिळतात. दुचाकीवाल्यानें जॅकेट व विजार निराळी घ्यावी. घेण्यापूर्वीं जॅकेट उलटें करून शिवणींवर आंतून पट्टी चिकटविली आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण पाणी कापडांतून येण्याआधीं सुईच्या भोंकांतून येतें. रंग भडक असावा. मागच्या वाहनाला आपण दिसलों पाहिजे.

डोंगरावर मात्र भिजणें गृहीत धरावें. तेथें शेवाळलेल्या कातळावर पकड घेणारा रबरी तळ आणि पाणी झटकन सोडणारा हलका जोडा पुरे. सुती कपडा भिजला कीं अंगांतली ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. मावळांतला गुराखी घोंगडीची खोळ कां घेतो, तें आम्हांला पंचावन्नाव्या वर्षीं कळलें! म्हणून प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधलेला एक जुना स्वेटर बरोबर असावा. तो बहुतेक घरीं असतोच.

पुढच्या वर्षीं फळ्यावर नवी यादी लागली. तींत विकत घेण्यासारखें जवळजवळ कांहीं नव्हतें, आणि ती शेवटची ओळ अर्थातच नव्हती. तो मुलगा आला. डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ, पायांत रोजचे प्लास्टिकचे जोडे. चढावर तो आमच्या पुढें होता. एका निसरड्या जागीं मागें वळून त्यानें हात दिला आणि आम्हीं तो घेतला. वर पोहोंचलों तेव्हां दोघेही सारखेच भिजलेले होतों.

ते पांच हजारांचे बूट आम्ही हल्लीं मंडईंत जातांना वापरतों. तेथें ते उत्तम चालतात.